अक्षराखालचा ठिपका

ल्यूटवर मी वाजवते त्या पॅव्हनच्या, म्हणजे संथ दरबारी नृत्याच्या जुन्या रचनेच्या, दुसऱ्या भागात एक स्वर आहे. वरून पायरीपायरीने उतरत आलेली ओळ तिथे जरा टेकते आणि पुन्हा वर वळते. लिहिलेल्या पानावर त्या जागी एक साधं 'सी' अक्षर आहे आणि अक्षराखाली एक ठिपका. दोन वर्षं मी तो स्वर तर्जनीने छेडत आले, कारण ठिपक्याचा अर्थच तो.

ल्यूट हे वाद्य मराठी घरांत फारसं ठाऊक नाही, म्हणून आधी थोडं सांगते. सोळाव्या आणि सतराव्या शतकात युरोपातल्या घरांत, दरबारांत, शिकवण्यांत हे वाद्य सतत वाजत होतं. ते अरबी ऊदचं वंशज आहे आणि त्याचं नावही 'अल्-ऊद'वरूनच आलं. पाठ अर्ध्या नासपतीसारखी, पातळ लाकडी पट्ट्या जोडून केलेली. वजनाला इतकं हलकं की पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा आपण जोरात धरलं तर मोडेल अशी मला भीती वाटली होती. तारा आतड्याच्या आणि बहुतेक जोडीजोडीने लावलेल्या. पडदेही आतड्याचेच, पट्टीभोवती गाठ मारून बांधायचे आणि हवे तसे सरकवायचे. मी मिरजेची. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधणारे, कान देऊन केसभर वर-खाली सरकवणारे हात लहानपणी जाता-येता बघितलेले. त्यामुळे इंग्लंडात येऊन पस्तिशीनंतर ल्यूट शिकायला बसले, तेव्हा वाद्य नवं असूनही त्याचं पडदे बांधणं मला माहेरचं वाटलं.

ल्यूटचं लेखन मात्र आपल्या स्वरलिपीहून वेगळं. त्याला टॅब्लेचर म्हणतात आणि त्यात स्वराचं नाव नसतं, बोटाची जागा असते. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा जोडतारा. इंग्लंड-फ्रान्सच्या पद्धतीत रेघांवर अक्षरं येतात. 'ए' म्हणजे मोकळी तार, 'बी' म्हणजे पहिला पडदा, 'सी' म्हणजे दुसरा. इटलीत अक्षरांऐवजी आकडे असत आणि रेघांचा क्रम उलटा, सगळ्यात खालच्या स्वराची तार सगळ्यात वरच्या रेघेवर. डोक्यावर शेंड्या काढलेल्या काठ्या लय सांगतात. आणि अक्षराखाली ठिपका असेल तर तर्जनी, नसेल तर अंगठा. एकेरी स्वरांच्या ओळीत अंगठा-तर्जनी, अंगठा-तर्जनी अशी आळीपाळी चालते. वजनाची मात्रा अंगठ्याची, हलकी तर्जनीची. सतार वाजवणाऱ्यांना 'दा-रा' म्हटलं की यातलं बरंचसं कळेल.

माझा तो स्वर वजनाच्या मात्रेवर होता आणि तरी त्याच्या खाली ठिपका होता. मला त्यात उसासा ऐकू यायचा. सगळी ओळ अंगठ्याच्या भरवशावर उतरत आली आहे आणि नेमकं टेकताना हात हलका करायचा, असं लिहिणाऱ्याने मला चारशे वर्षांपलीकडून सांगितलं आहे, असं मी धरून चालले होते. शिक्षकांनी एकदा विचारलं, "तिथे तर्जनी का?" मी म्हटलं, "खाली ठिपका आहे." ते नुसतं "हं" म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात त्या हस्तलिखिताची रंगीत छायाचित्रं मूळ ग्रंथालयाने सगळ्यांसाठी खुली केली. रात्री जेवणं उरकल्यावर मी ते पान उघडलं आणि मोठं करत गेले. अक्षराची शाई तपकिरी-काळी, कडांना कागदात किंचित पसरलेली. लेखणीने 'सी'ची कमान कुठे सुरू केली आणि कुठे उचलली, तेही दिसत होतं. ठिपक्यात शाई नव्हती. तो फिकट पिवळसर डाग होता, आणि पान उलटून बघितलं तर मागच्या बाजूलाही नेमका त्याच जागी होता. कधीतरी कशाचा तरी एक थेंब तिथे पडला होता आणि कागदाने तो आरपार पिऊन टाकला होता.

मी ज्यावरून वाजवत होते ती होती एका छापील हुबेहूब प्रतीची, म्हणजे फॅक्सिमिलीची, झेरॉक्स. फॅक्सिमिली शिक्षकांची, कित्येक वर्षांपूर्वीची, काळ्या-पांढऱ्या छपाईची. त्या छपाईत पिवळा नाही, तपकिरी नाही. एका ठरावीक गडदपणाच्या पुढचं सगळं काळं, अलीकडचं सगळं पांढरं. डाग त्या रेषेच्या पुढे पडला आणि त्याचा ठिपका झाला.

या ठिपक्याला इतकं महत्त्व का, हे कळायला १५०७ सालच्या व्हेनिसला जावं लागतं. ओत्ताव्यानो पेत्रुच्ची या मुद्रकाने त्या वर्षी फ्रान्चेस्को स्पिनाचीनोची ल्यूटची दोन पुस्तकं छापली. ल्यूटसाठी छापलेल्या पुस्तकांत आज आपल्यापर्यंत पोचलेली ही सगळ्यात जुनी. सुरुवातीला लॅटिन आणि इटालियन अशा दोन भाषांत एक नियमावली आहे, ज्यांना गाता येत नाही, म्हणजे स्वरलेखन वाचता येत नाही, त्यांच्यासाठी. ठिपक्याचा नियम तिच्यात स्वच्छ दिला आहे. ठिपका नसलेले आकडे खालच्या दिशेने छेडायचे, ठिपका असलेले वरच्या; बोटांनी वाजवताना तेच अंगठा आणि तर्जनी. म्हणजे लेखन वाचता न येणाऱ्या माणसाच्या हाती पुस्तक पडेल आणि त्याला शेजारी बसून सांगणारं कोणी नसेल, याचा विचार करून तो एवढासा ठिपका शिशात ओतला गेला. मला हे फार हृद्य वाटतं. गुरू नसलेल्या शिष्यासाठी ठेवलेली खूण आहे ती.

आणि हे पुस्तक टिकलं कसं, तेही बघा. छापलेलं पुस्तक असूनही स्पिनाचीनोची प्रत आज पोलंडमधल्या क्राकूवच्या यागेलोनियन ग्रंथालयात आहे, आणि ती मुळात बर्लिनची. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने बर्लिनच्या ग्रंथालयातला मौल्यवान संग्रह सायलेशियातल्या एका मठात हलवला गेला. युद्धानंतर तो भाग पोलंडमध्ये आला, पेट्या क्राकूवला गेल्या आणि १९७७पर्यंत त्या कुठे आहेत हे जाहीरपणे कोणी सांगत नव्हतं. पेत्रुच्चीचंच ल्यूटचं तिसरं पुस्तक, जोव्हान मारिया या वादकाचं, १५०८ साली छापलं गेलं. त्याची एकही प्रत आज ठाऊक नाही. ते होतं हे आपल्याला कळतं ते कोलंबसाचा मुलगा एर्नांदो कोलोन याच्या ग्रंथसंग्रहाच्या सूचीतल्या नोंदीमुळे. पुस्तकांचा प्रचंड नाद असलेला माणूस. त्याने नोंद केली आणि तेवढीच उरली. सूचीतली ती ओळ आठवली की दर वेळी मला वाटतं, त्या पुस्तकातले ठिपके कुठे असतील?

छापील फॅक्सिमिलीचं माझं प्रेम मी लपवणार नाही. शिक्षकांच्या घरी खिडकीखाली एक लांब फळी होती आणि तिच्यावर त्या आडव्या-उभ्या प्रती: जिनीव्हाच्या मिंकॉफने काढलेल्या, आयर्लंडच्या बोइथियस प्रेसच्या, फ्लॉरेन्सहून आलेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूठभर प्रकाशकांनी हे काम केलं नसतं, तर ल्यूटचं पुनरुज्जीवन काही विद्वानांच्या मायक्रोफिल्मपुरतंच राहिलं असतं. त्याआधी एखादी रचना मुळाबरहुकूम बघायची तर ग्रंथालयाला पत्र लिहा, पैसे पाठवा, महिनोन्महिने वाट बघा आणि मग फिल्मची गुंडाळी येणार. फॅक्सिमिलीने ते पान वादकाच्या मांडीसमोर, स्टँडवर आणून ठेवलं.

स्टँडवर ठेवल्यावरच काही गोष्टी कळतात. ल्यूट वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, पान उलटायला तिसरा हात नसतो. जुन्या वह्यांत पुष्कळदा रचना समोरासमोरच्या दोन पानांत मावेल अशी लिहिलेली असते. वही उघडली की सुरुवात आणि शेवट दोन्ही नजरेसमोर. टॅब्लेटवर मी एकेक पान बघत होते तेव्हा ही बेतणी मला दिसलीच नव्हती. पुढच्या पानाच्या टोकाला आपण पोचणार आहोत, आणखी चार ओळी आहेत, हे डोळ्याच्या कडेने कळणं आणि बोटाने टॅब्लेटचा पडदा सरकवल्यावर पुढचं पान अचानक समोर येणं, यांत वाजवताना श्वासाचा फरक पडतो. आकाराचंही तसंच. पडद्यावर सगळीच पुस्तकं पडद्याएवढी. खिशात घालायची वही आणि मेजभर पसरणारं पुस्तक तिथे सारखंच दिसतं.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा जॉन डाउलंड या इंग्रज ल्यूटवादक-संगीतकाराच्या १५९७ सालच्या पहिल्या गीतसंग्रहात आहे. लंडनला छापलेलं हे पुस्तक इतकं खपलं की पुढच्या सोळा वर्षांत ते पुन्हापुन्हा छापावं लागलं. त्याची मांडणी मेजासाठी आहे. डाव्या पानावर मुख्य आवाज आणि त्याच्या खाली ल्यूटचं टॅब्लेचर. उजव्या पानावर बाकीचे तीन आवाज, तीन वेगवेगळ्या दिशांना तोंड करून छापलेले. एकच पुस्तक मेजाच्या मधोमध ठेवायचं, चौघांनी कडेने बसायचं आणि प्रत्येकाला आपापली ओळ सरळ दिसते.

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं एकीच्या स्वयंपाकघरात जमलो. कोणाकडेच पुस्तक नव्हतं, म्हणून टॅब्लेट मेजावर ठेवला. मेज हललं, टॅब्लेट जरा कलला की यंत्र आपणहून चित्र फिरवायचं, ते थांबवलं. मग लक्षात आलं की पडद्यावर दोन पानं एकदम घेतली तर अक्षरं मुंगीएवढी होतात. चौघांची डोकी एकमेकांना लागत होती. शेवटी प्रत्येकाने आपापल्या फोनवर आपापली ओळ उघडली आणि आम्ही गायलो. ठीक गायलो. पण चार माणसं चार वेगवेगळ्या उजेडांत बघत होती. पुढच्या महिन्यात शिक्षकांकडची फॅक्सिमिली मागून आणली, मेजाच्या मधोमध उघडून ठेवली. समोर बसलेल्या खर्जाच्या आवाजाने बोटाने आपली ओळ दाखवली, ती मला उलटी दिसत होती, आणि मला पहिल्यांदा कळलं की ही माणसं एकमेकांच्या किती जवळ बसत असतील. तो संग्रह वाचायचा तर मेज लागतं आणि शेजार लागतो.

तरीही ठिपक्याचा खरा-खोटेपणा मला कळला तो पडद्यावरच. हे ऋण मोठं आहे. जुनी शाई लोखंडाची आणि मायफळाची. ती कागद खाते, मागच्या पानावरची अक्षरं पुढे उमटतात, पुढची मागे. रंगीत छायाचित्रात ही भुतं फिकट दिसतात, खरं अक्षर गडद. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही एकाच रंगाची होऊन भांडतात. शिवाय जुन्या प्रती काढताना पान 'स्वच्छ' करायची पद्धत होती. कोणीतरी टेबलाशी बसून डाग पुसायचा, भोकं बुजवायचा. त्याने शंभर डाग पुसले, त्यांत चार खरे ठिपकेही गेले असतील, तर ते कळणार कसं? छापील प्रत म्हणजे कोणाच्या तरी डोळ्यांनी एकदा कायमचा दिलेला निकाल असतो.

मॅथ्यू होम्सच्या वह्या केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाने आपल्या डिजिटल संग्रहात ठेवल्या आहेत. होम्स आधी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये आणि नंतर वेस्टमिन्स्टर ॲबीत गायक होता; १६२१ साली वारला. त्याने ल्यूटच्या चार मोठ्या वह्या उतरवून ठेवल्या. पहिलीतच तीनशेहून अधिक रचना आहेत. डाउलंडचं पुष्कळसं संगीत आपल्याला भेटतं ते या माणसाच्या हातातून. मिरजेत माझी भाची कॉलेजच्या वाचनालयात बसून आज तेच पान उघडते आणि मला फोनवर विचारते, "आत्या, या काठ्यांना शेंड्या का काढल्यात गं?" माझ्या लहानपणी मिरजेत ल्यूटचं एक पानही बघायला मिळणं शक्य नव्हतं. हे ज्यांनी फुकट खुलं केलं, त्यांच्यासाठी मनापासून हात जोडावेसे वाटतात.

डिजिटल म्हणजे दर वेळी नवी, रंगीत, स्वच्छ नजर, असं मात्र नाही. ब्रिटिश लायब्ररीतली तीनशेहून अधिक जुनी संगीताची पुस्तकं २०११ साली इंटरनेटवर आली ती जुन्या मायक्रोफिल्मवरून. म्हणजे दाराला नवा रंग आणि आत तोच करडा, खरवडलेला फोटो. उपयोग खूपच झाला, पण ठिपका तपासायला ती पानं छापील प्रतीपेक्षा पुढची नाहीत. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथली डिजिटल हस्तलिखितं कित्येक महिने कोणालाच दिसेनात. जेन पिकरिंग या मुलीची १६१६ साल घातलेली ल्यूटची वही त्याच ग्रंथालयात आहे. तिची हुबेहूब छापील प्रत ऐंशीच्या दशकात निघाली होती. ती ज्यांच्या कपाटात होती त्यांची जेनशी गाठ त्या महिन्यांतही रोज पडत होती.

कपाटावरून व्हिदालची आठवण येते. विन्चेन्झो कापिरोला हा ब्रेशाचा थोर वादक. व्हेनिसमध्ये व्हिदाल नावाच्या त्याच्या शिष्याने सुमारे १५१७च्या सुमारास गुरूच्या रचना एका वहीत उतरवल्या. सुरुवातीला गुरूच्या सूचनाही लिहिल्या: पडदे कसे बांधावेत, आणि गरज संपेपर्यंत तारेवरचं बोट उचलू नये. अलंकारांच्या खुणा लाल रंगात केल्या. मग त्याने पानांच्या कडांना चित्रं काढली, पक्षी, हरणं, झाडंझुडपं. आणि ती का काढली हेही त्याने लिहून ठेवलं आहे. संगीत न कळणाऱ्याच्या हाती ही वही गेली, तरी चित्रं सुंदर आहेत म्हणून तो ती जपेल. मालकांना किंमत कळली नाही म्हणून किती तरी दिव्य रचना नाहीशा झाल्या आहेत. वही आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. त्याचा हिशोब बरोबर निघाला.

काळ्या-पांढऱ्या छपाईत त्या लाल खुणा बाकीच्या आकड्यांत मिसळून जातात, म्हणून कापिरोला शिकायचा तर मी रंगीत पडदाच उघडते. पण व्हिदालला जे हवं होतं ते निराळं होतं. त्याला कोणाच्या तरी घरात जागा हवी होती. माझ्या टॅब्लेटमध्ये आज शंभराहून अधिक हस्तलिखितं आहेत आणि त्यांतली निम्मी मी उतरवून घेतल्यानंतर पुन्हा उघडलेलीही नाहीत. फळीवर तीन फॅक्सिमिली आहेत. त्यांतल्या एकीच्या कण्यावरचं कापड सुटलंय, दुसरीत पान उघडं राहावं म्हणून ठेवलेल्या चिमट्याचा व्रण आहे.

त्या तिन्ही शिक्षकांच्या. या उन्हाळ्यात ते लहान घरात राहायला गेले आणि फळी वाटून टाकली. माझ्या वाट्याला आलेल्यांत ती होती, पॅव्हनची. घरी येऊन मी आधी तेच पान काढलं. 'सी' अक्षर. त्याच्या खाली ठिपका. आणि ठिपक्याभोवती पेन्सिलीने, अगदी पुसट, एक गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह.

पेन्सिल इतकी फिकट होती की माझ्या झेरॉक्समध्ये ती उमटलीच नव्हती. मूळ पानावर डाग होता, फॅक्सिमिलीने त्याचा ठिपका केला, आणि झेरॉक्सने त्या ठिपक्याविषयीची एका माणसाची शंका गाळून टाकली. मी त्यांना फोन केला. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं, मग सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "ठाऊक नव्हतं. शंका होती. तू इतक्या मनापासून वाजवत होतीस की मला वाटलं, असेलही ठिपका."

मिरजेत माझ्या सतारीच्या बाई कधी गत झेरॉक्स करू देत नसत. कोपऱ्यावर दुकान होतं, पानाला पन्नास पैसे, पण त्यांची वही दाराबाहेर जायची नाही. "इथे बस आणि उतरवून घे," म्हणायच्या. मला राग यायचा. उतरवताना चूक झाली की त्या माझ्या वहीत बघत आणि विचारत, "हे तू ऐकलंस का, नुसतं बघितलंस?" होम्सने आयुष्यभर तेच केलं असणार, व्हिदालने तेच केलं. त्या वह्या ज्यांना आपण मूळ म्हणतो, त्याही कोणी तरी बसून उतरवून घेतलेल्याच आहेत.

गेल्या रविवारी मी सहा रेघांचा कागद आखला. डावीकडे फॅक्सिमिली उघडली, उजवीकडे पडद्यावर रंगीत पान. पॅव्हन पहिल्यापासून उतरवायला घेतली. काठ्या आधी, मग अक्षरं, मग ठिपके, एकेक करून, दोन्हीकडे बघत. आणखी तीन ठिकाणी अडले. एका जागी पडद्यावरसुद्धा शाई की डाग ते ठरेना, तिथे मीही पेन्सिलीने गोल काढला. दुसऱ्या भागातल्या त्या स्वरापाशी आले तेव्हा बाहेर अंधार झाला होता. 'सी' लिहिलं. खाली काही दिलं नाही.

मग ल्यूट घेतलं, खुंट्या नीट केल्या आणि माझ्या हातच्या कागदावरून वाजवलं. ओळ उतरत आली, टेकली. तिथे तर्जनीच उठली.